पेटीतली मंडळी

जुन्या कागदांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या पानावर उत्तरं देते. मी पुण्यात कागद दुरुस्तीचं काम तीस-बत्तीस वर्षं केलं, आता निवृत्त आहे. माझी आजी सोलापूरकडे बायबलबाई होती, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवायची, त्यामुळे या वेळच्या पत्रांवर जरा जास्तच रेंगाळले. संपादकांनी चालवून घ्यावं.

प्रश्न : सप्रेम सलाम. मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या मंडळीची, म्हणजे चर्चची, खजिनदार. आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या वेळची, पुढच्या वर्षी दीडशे वर्षं पुरी होतात. वेस्ट्रीचे, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीचे, पत्रे बदलताना माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. बाप्तिस्म्याची दोन रजिस्टरं, लग्नाचं एक, मंडळीच्या सभांची मिनिट्स (इतिवृत्तं), वर्गणीच्या वह्या, शाळेचा हजेरीपट आणि गड्ड्या बांधलेले सुटे कागद. काही मोडी लिपीत आहेत. खालची बाजू ओलसर आहे, एका रजिस्टरची कड वाळवीने खाल्ली आहे. सध्या पेटी उघडून अंगणात उन्हाला ठेवली आहे. आता चौघांची चार मतं. पाळकसाहेब म्हणतात, लॅमिनेशन करून घेऊ. पुतण्या म्हणतो, मोबाइलवर स्कॅन करू, मग मूळ ठेवून काय करायचं? एक वडीलधारे म्हणतात, परदेशातले एक अभ्यासक मागताहेत, त्यांना देऊन टाकू, तिकडे नीट राहील. आणि मंडळीतलं एक घर म्हणतं, १९११ च्या मिनिटांत आमच्या पणजोबांना मंडळीबाहेर काढल्याचं लिहिलंय, उत्सवात पेटी लोकांसमोर मांडायच्या आधी ते पान काढा. मी काय करू?

उत्तर : ताई, सलाम. आधी उठा आणि पेटी आत घ्या. उरलेलं मग वाचा.

पापडाला ऊन लागतं, कागदाला सावली. ओली वही उन्हात ठेवली की वरची पानं कडक होतात, आतली ओलीच राहतात, पुठ्ठे नावेसारखे वळतात आणि पाठीचा सरस तडकतो. शाई उडते ते वेगळंच. घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत, जमिनीपासून उंच, टेबलावर जुनं धुतलेलं सुती लुगडं पसरा आणि वह्या त्यावर मांडा. पंखा लावा, पण वारा थेट पानांवर नको, भिंतीकडे वळवा. ज्या वहीची शिवण शाबूत आहे तिच्यात दहा-पंधरा पानांगणिक कोरा टीपकागद घाला आणि तो ओलसर झाला की बदला. रद्दीचं वर्तमानपत्र घालू नका. आजच्या बातम्यांची उलटी अक्षरं १८८० च्या पानावर उमटलेली मी पाहिली आहेत, ती कशानेही निघत नाहीत. चिकटलेली पानं सुटी करायला जाऊ नका. सुकल्यावर बरीचशी आपोआप सुटतात, उरलेली जाणत्या माणसाकडे न्यावी लागतात. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ती वही बाकीच्यांपासून बाजूला ठेवा, नाकाला चांगला मास्क बांधा आणि पूर्ण सुकल्यावरच, घराबाहेर, मऊ ब्रशने झाडा. ओली बुरशी झाडली की ती पुसली जाते आणि कागदात शिरते.

वाळवी जिवंत आहे का बघा. पेटीच्या तळाशी ताजी ओली माती असली तर आहे. कागदावर कसलंही औषध फवारू नका. औषधाचा माणूस बोलवायचा तो माळ्यासाठी, भिंतीसाठी आणि फरशीच्या सांध्यांसाठी, आणि तो येईल तेव्हा कागद दुसऱ्या घरी हवेत.

आता जे सांगते ते मी स्वतः चुकून शिकले आहे. नोकरीला चार-पाच वर्षं झाली होती. एका जुन्या मंडळीने, गाव सांगत नाही, अशीच एक पेटी माझ्यापुढे ठेवली. आत कापडात बांधलेल्या गड्ड्या. मी उत्साहात सगळ्या सोडल्या आणि कागद तारीखवार लावले. तीन दिवस खपले. फाइली अशा देखण्या झाल्या की मीच खूश. चौथ्या दिवशी मंडळीचे म्हातारे चिटणीस आले आणि म्हणाले, "बाई, लाल दोऱ्याची गड्डी कुठाय?" ती प्लेगातल्या एका घराची होती. कोणीतरी त्या घराचे कागद एकत्र बांधून ठेवले होते : लेकराच्या बाप्तिस्म्याची चिठ्ठी, उसन्या धान्याची पावती, शाळेचा दाखला आणि एक बिनसहीचं पत्र. पत्र कोणाचं, ते फक्त त्या लाल दोऱ्यामुळे कळत होतं. दोरा मी टाकून दिला होता. पत्र अजून आहे, पण त्याला आता आईबाप नाहीत.

म्हणून लावालावी करू नका. पेटी जशी उघडली तशी, थराथराने, आधी फोटो घ्या. मग एकेक वस्तू बाहेर काढताना कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहा : पेटी १, थर २, गड्डी ३. चिठ्ठी गड्डीत सरकवा, मूळ कागदावर काही लिहू नका, पेन तर हातातही घेऊ नका. गंजलेल्या टाचण्या ओढून काढायच्या नाहीत. टाचणीखाली जाड कागदाची पट्टी सरकवून अलगद सोडवायच्या. सुटत नसेल तर राहू द्या. मग साध्या दोनशेपानी वहीत यादी : काय आहे, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, किती पानं, काय बिघडलंय. एवढं झालं की निम्मं काम झालं, उरलेलं पाच वर्षांत केलंत तरी चालेल.

ज्यावर तारीख नाही त्याचा काळ शिक्क्यावरून आणि मथळ्यावरून लावता येतो. अमेरिकन मराठी मिशनचं नाव असेल तर बहुधा जुना कागद. १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, तेव्हापासून यु. सी. एन. आय. ही अक्षरं दिसू लागतात. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यानंतर सी. एन. आय. अर्थात आपल्याकडे जुनं लेटरहेड संपेपर्यंत वापरायची रीत आहे, हेही ध्यानात ठेवा.

पाळकसाहेबांच्या लॅमिनेशनकडे येते. त्यांना माझा सलाम सांगा आणि त्यांचा हात धरून बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर खिडकीपाशी न्या. अक्षरं तपकिरी दिसतील. लिहिली तेव्हा ती काळीभोर होती. टाकाने लिहायची ही शाई हिराकस आणि मायफळासारख्या तुरट वस्तूंपासून करत. तिच्यात लोह आणि आम्ल दोन्ही असतं, आणि ते कागद सावकाश खातं. पान उजेडासमोर धरलंत तर जिथे टाक दाबला गेलाय तिथे, समजा 'काळू'च्या 'ळ'च्या पोटात, बारीक भोकं दिसतील. वाळवीने खाल्लेली कड वेडीवाकडी असते, शाईने खाल्लेलं भोक अक्षराच्या आकाराचं असतं. या आम्लाला उष्णता आणि दमटपणा मिळाला की त्याचा जोर वाढतो. लॅमिनेशनच्या यंत्रात आपण तेच पान तापवतो आणि वर प्लॅस्टिकमध्ये आम्ल कोंडून टाकतो. पुढे ते प्लॅस्टिक काढता येत नाही. सेलोटेपही नको, फेविकॉलही नको. फाटलेली पानं नुसती दुमडलेल्या कोऱ्या कागदात ठेवा. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने ती जोडता येतात, पण ते शिकलेल्या हाताचं काम.

मोडी कागदांची शाई वेगळी. ती काजळ आणि डिंकाची, बोरूने लिहिलेली. ती कागद खात नाही, दोन-दोनशे वर्षं काळीच राहते, पण पाणी लागलं की पसरते. तेव्हा ओलं फडकं नको आणि जिभेला बोट लावून पान उलटायची सवय असेल तर तीही सोडा.

ठेवायचं कशात? गोदरेजचं जुनं कपाट चालेल, गंज असला तर आधी घासून रंग द्या आणि रंगाचा वास पुरता जाऊ द्या. भिंतीपासून वीतभर पुढे, खालचा कप्पा रिकामा. पावसाळ्यात बंद ठेवा, पण दिवाळीनंतर कोरड्या हवेत अधूनमधून उघडून हवा खेळू द्या. लोखंडी कपाट महिनोन्महिने बंद राहिलं की आत कोंदट वास येतो, तो वास म्हणजे बुरशीची सुरुवात. प्रत्येक वही धुतलेल्या, खळ काढलेल्या मलमलीत किंवा मांजरपाटात गुंडाळा. पेशवे दफ्तरातले कागद असेच कापडात बांधलेले असतात, त्या बांधणीला रुमाल म्हणतात. लाल खारव्याचा मोह मात्र टाळा. तो भिजला तर सगळा रंग कागदावर उतरतो. डांबरगोळ्या माणसालाही बऱ्या नाहीत आणि कागदालाही. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर कडक वाळवून, पुरचुंडीत, आणि दर वर्षी बदलून. ओला पाला म्हणजे कपाटात पाणी ठेवणं.

आता पुतण्या. पोराचं अर्धं बरोबर आहे. फोटो घ्याच, आणि उत्सवात लोकांना पडद्यावर तेच दाखवा. सकाळच्या वेळी खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, खाली काळं कापड, कडेला फूटपट्टी आणि चिठ्ठीवरचा नंबर. मोबाइल हातात धरून नाही, दोन स्टुलांवर फळी टाकून वर पक्का बसवायचा. पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत प्रत्येक पान घ्यायचं, कोरं असलं तरी. फाइलीचं नाव चिठ्ठीवरच्या नंबराचंच. व्हॉट्सॲपवरून फोटो एकमेकांना धाडायचे नाहीत, ते आक्रसून जातात. दोन हार्ड डिस्क करायच्या, एक मंडळीत, एक दुसऱ्या गावी, आणि दर वर्षी उघडून बघायच्या. मूळ कशाला ठेवायचं, असं त्याने पुन्हा विचारलं तर त्याच्या पहिल्या मोबाइलमधले फोटो कुठे आहेत ते विचारा. शिवाय फोटोत सगळं येत नाही. खोडलेली ओळ, मागून घातलेली तारीख, कागदातला पाणछाप हे तिरप्या उजेडात मूळ पान धरल्यावरच दिसतं.

अभ्यासकांना फोटो द्या, मूळ देऊ नका. एक रुपयाचीही वस्तू कपाटाबाहेर गेली तर वहीत सही हवी, मग नेणारा बिशपसाहेब का असेना. 'तिकडे नीट राहील' यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. पण तिकडे आधीच काय आहे ते वडीलधाऱ्यांना सांगा. हॉल आणि नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ च्या शेवटी मिशन नगरला आलं, आणि तेव्हापासून साहेब लोक बोस्टनच्या मुख्य कचेरीला इमानेइतबारे पत्रं लिहीत. ती आता हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. जगातून कोणीही जाऊन ती वाचू शकतो. त्या पत्रांत एखाद्या खेड्याबद्दल 'या वर्षी मंडळीत चौदा जण मिळाले' एवढं असतं. ते चौदा जण कोण, ते तुमच्या पेटीत आहे. तिकडे आहे ते साहेबांनी लिहिलेलं, तुमच्याकडे आहे ते मंडळीने लिहिलेलं. त्याची दुसरी प्रत बोस्टनला नाही.

मंडळीला खरंच सांभाळणं जमत नसेल, तर सांभाळणाऱ्या संस्थेकडे ठेवायला हरकत नाही. बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजचा अर्काइव्ह्ज विभाग आहे, तसा आणखीही काही जागी आहे. फक्त लेखी करार करा : मालकी मंडळीची, पूर्ण फोटोंची प्रत मंडळीला, मंडळीच्या माणसाला केव्हाही बघायला मोकळीक. नाहीतर नव्या पाळकांच्या काळात 'कुठे दिलं होतं हो?' हा प्रश्न येतो आणि उत्तर देणारा माणूस कबरस्तानात असतो.

आणि ते पान.

ताई, त्या घराचा राग मला समजतो. माझ्या आजीच्या मंडळीच्या मिनिटांत मीही असलं पुष्कळ वाचलं आहे. दारू प्याला म्हणून, गावच्या जत्रेत नाचला म्हणून, मुलीचं लग्न जुन्या रीतीने लावलं म्हणून माणसाला प्रभुभोजनापासून दूर ठेवायचे, आणि लिहिणारा ते असं लिहायचा की वाचताना आपलीच मान खाली जावी. एका बाईंचं नाव मी वाचलं ते 'नवऱ्याला सोडून माहेरी राहते, समज दिली' असं. नवरा काय करत होता, ते लिहिणाऱ्याला विचारावंसं वाटलं नाही. तरीही पान काढायचं नाही.

पहिलं म्हणजे, पुढची दोन-तीन वर्षं वाचा. मंडळीबाहेर काढलेला माणूस बहुतेक वेळा परत येतो, 'पश्चात्ताप दिसल्यावरून पुन्हा घेतले' असं कुठेतरी सापडतं. १९११ चं पान फाडलंत तर १९१३ चं पान बिनबुडाचं होतं, आणि माणूस कायमचा बाहेरच राहतो. दुसरं, एका घरासाठी एक पान निघालं की पुढच्या महिन्यात दुसरं घर येणार, हे खजिनदाराला मी सांगायला नको. तिसरं, लग्नाच्या रजिस्टराच्या बाबतीत तर हा प्रश्नच उरत नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली ते रजिस्टर राखायचं असतं, फी भरून त्यात शोध घेण्याचा आणि नक्कल मागण्याचा लोकांना हक्क आहे, आणि ते जाणूनबुजून नष्ट करणं किंवा त्यात फेरफार करणं हा गुन्हा आहे.

पण 'काढायचं नाही' म्हणजे 'मांडायचं' असं नाही. उत्सवाच्या टेबलावर मिनिटांची वही कशाला हवी? बाप्तिस्म्याचं पहिलं पान काचेखाली ठेवा, हजेरीपट ठेवा, वर्गणीची वही ठेवा. कमिटीत ठराव करा की शिस्तीच्या नोंदी असलेली मिनिट्स इतक्या वर्षांपर्यंत बाहेरच्यांना दाखवायची नाहीत. किती वर्षं ते तुम्ही ठरवा. त्या घराला त्यांची बाजू सांगणारा कागद लिहू द्या, त्यावर तारीख आणि सही घ्या आणि तो त्याच वहीबरोबर रुमालात बांधा. मी हे दोन ठिकाणी सुचवलं. एका ठिकाणी त्या घराने काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या ठिकाणी अकरा पानं लिहून दिली, आणि मूळ नोंद होती दीड ओळीची.

जातीच्या रकान्याबद्दलही असंच होणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. नगरकडच्या मंडळ्यांत बरीचशी घरं महार-मांग समाजातून आलेली, आणि जुन्या रजिस्टरात ते लिहिलेलं असतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती माणसाला मिळत नाहीत, त्यामुळे कोणी नोंद दाखवा म्हणून येईल, कोणी लपवा म्हणून येईल. अर्ज लेखी घ्या, ज्याची नोंद त्याच्या घरालाच नक्कल द्या, आणि नक्कल जशी आहे तशी द्या. तोंडी काही सांगू नका, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत.

वर्गणीच्या वह्या तुम्ही पत्रात जाता जाता लिहिल्यात. त्या आधी वाचा. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात बाई 'अमक्याची बायको' असते. वर्गणीच्या वहीत, मूठभर धान्य आणणाऱ्यांच्या यादीत, ती पुष्कळदा स्वतःच्या नावाने असते : सगुणाबाई, बाजरी, दोन शेर. खजिनदाराच्या वहीतली गोष्ट खजिनदारालाच आधी दिसायला हवी होती, ताई.

प्रश्न : मी मुंबईत राहतो. आमच्या घरात सांगतात की पणजी छप्पनच्या दुष्काळात अनाथ झाली आणि मिशनच्या अनाथालयात वाढली. तिचं मूळ गाव आणि आईवडील कसे शोधू? माझ्याकडे फक्त तिचं नाव आणि '१८९२ चा जन्म' एवढंच आहे.

उत्तर : '१८९२ चा जन्म' सोडून द्या. छप्पनचा दुष्काळ म्हणजे विक्रम संवत १९५६ चा, इसवी १८९९-१९००. त्या वेळी अनाथालयात आलेल्या लेकरांचं वय अंगापिंडावरून आणि दातांवरून लिहीत. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरून चला. नावावरही फार विसंबू नका. बाप्तिस्म्याच्या वेळी ते बदललेलं असू शकतं, आणि रजिस्टरात जुनं नाव कधी बाजूला कंसात असतं, कधी अजिबात नसतं. बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे, ही चूक तर शिकलेली माणसंही करतात.

अनाथालय कोणतं, ते आधी पक्कं करा. अमेरिकन मिशनची नगर, सोलापूरकडे होती. केडगावला पंडिता रमाबाईंनी त्याच दुष्काळात शेकडो मुली आणल्या, त्यांत गुजरातेतल्या पुष्कळ. तुमची पणजी केडगावची असेल तर ती मुळात मराठी बोलणारी होती की नव्हती, हेही घरात विचारून बघा. एखादी अंगाई, एखादा शब्द, एखादा पदार्थ राहिलेला असतो. मग त्या मंडळीतल्या लग्नाच्या रजिस्टरापासून उलटं जा. लग्नाच्या नोंदीत वडिलांचं नाव आणि साक्षीदार असतात. साक्षीदार हे बहुधा त्याच अनाथालयातले, म्हणजे तिचे भाऊबहीण म्हणायला तेच. त्यांच्या घरी तिचं गाव माहीत असू शकतं.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या नकला आहेत, हे तुम्ही इंटरनेटवर वाचलं असेल. त्यांत बहुतेक नावं युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांची. तिकडे पैसे घालवण्याआधी नगरला एसटीने जाऊन या. आणि जुन्या रजिस्टरात शके घातला असेल तर त्यात ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९. संवत्सराचं नाव असलं तर आणखी बरं : शके १८२१ म्हणजे विकारी संवत्सर. त्याच्या आधीचा एक मोठा दुष्काळ शके १७९८ चा, धाता संवत्सरातला. घरोघरच्या आठवणीत हे दोन दुष्काळ एकमेकांत मिसळतात. तुमच्या पणजीचा कोणता, ते संवत्सर सांगेल.

प्रश्न : आमच्या मंडळीच्या जुन्या कागदांत काही मोडी पत्रं आहेत. ती कोणाकडून वाचून घ्यावीत? आणि एका पत्रातून माती पडते, ती कसली?

उत्तर : पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात. शिकवणारे आणि शिकलेले दोघेही तिथे भेटतील. मूळ पत्र घेऊन जाऊ नका, मोठा, स्पष्ट फोटो न्या. वाचणाऱ्याला गावाची, आसपासच्या वाड्यांची आणि तुमच्या मंडळीतल्या आडनावांची यादी आधी द्या. मोडी वाचणारा माणूस ओळ वाचतो, पण नाव ओळखतो तो गावचा माणूस. म्हणून तुमच्यातला एखादा तरुण वर्गाला बसलाच तर सोन्याहून पिवळं.

माती म्हणताय ती बारीक आणि चमकणारी असेल तर ती माती नव्हे, वाळू. ओली शाई टिपायला लिहून झाल्यावर वर भुरभुरायची पद्धत होती, ती घडीत राहून जाते. घडी उघडताना खाली कोरा कागद धरा आणि पत्र अलगद तिरपं करा. कणांनी अक्षरं खरवडली जातात, म्हणून ती तशीच घडीत राहू देऊ नये. पण झटकून केरात टाकू नका. मी तिची पुडी बांधते, वर पेन्सिलीने गड्डीचा नंबर घालते आणि त्याच रुमालात ठेवते.